मंदीत मखमल कशी विकावी

बाजारपेठ उदयोन्मुख असावी, तिच्यात नुकतीच मंदी आलेली असावी, लोकांचे पगार गोठलेले आणि चलन घसरलेले असावे, आणि नेमक्या अशाच मुहूर्तावर आपण उंची परदेशी कपडे, बूट आणि बॅगा ऑनलाइन विकायला काढाव्यात, अशी इच्छा धरणाऱ्या वाचकांसाठी हा लेख आहे. मला कोणी सल्ला विचारलेला नाही. तरीही तो देण्याचा अधिकार मला गेल्या दोन महिन्यांत प्राप्त झाला आहे, कारण या काळात मी अशाच एका दुकानातून एक बॅग विकत घेतली. तिची हकिगत पुढे येईलच. हा धंदा मी पैसे भरणाऱ्या बाजूने पुरेपूर पाहिला असल्याने तो कसा करतात हे मला आता पक्के कळले आहे, आणि असे ज्ञान एकटीपाशी ठेवणे अप्पलपोटेपणाचे ठरेल.

प्रथम मंदीची भीती सोडावी. १५ सप्टेंबर २००८ रोजी लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी बँक बुडाली आणि पुढच्याच महिन्यात फारफेच हे संकेतस्थळ सुरू झाले, ज्यावर निरनिराळ्या शहरांतील उंची कपड्यांची दुकाने आपला माल जगभर विकू लागली. दहा वर्षांनी, २०१८ मध्ये, ते चालवणाऱ्या कंपनीचे समभाग न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात दाखल झाले. गुंतवणूकदारांना गोष्ट सांगताना इथेच थांबावे. २०२३ च्या अखेरीस तीच कंपनी आर्थिक अडचणीत सापडून कूपांग या दक्षिण कोरियात ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपनीच्या गोटात गेली, हा भाग शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत छापावा. (मी ज्या दुकानात हात पोळून घेतला ते या नामांकितांपैकी नव्हे. त्याचे नाव मी लिहिणार नाही. फुकटची जाहिरात कशाला करायची?)

कोणी शंका काढलीच, तर लिपस्टिकचा सिद्धान्त तोंडावर फेकावा. २००१ च्या मंदीच्या सुमारास एस्टी लॉडर या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीच्या लेनर्ड लॉडर यांनी तो लोकप्रिय केला: हात आखडला की स्त्रिया मोठी खरेदी टाळतात, पण लिपस्टिक मात्र अधिक घेतात. पुढच्या मंद्यांतील विक्रीने या सिद्धान्ताला ठाम साथ दिली नाही, आणि २०२० मध्ये तोंडावर मुखपट्टी आल्यावर तर लिपस्टिक लावायची कुठे हाच प्रश्न पडला, परंतु सिद्धान्त चांगला असला की पुराव्यासाठी थांबायचे नसते. आपण विकतो ती वस्तू लिपस्टिकच्या शेकडो पट किमतीची आहे, हा तर अगदीच किरकोळ तपशील झाला.

किंमत वाढवावी. अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टाइन वेब्लेन यांनी १८९९ मध्येच दिखाऊ उपभोगाचे विवेचन केले आणि किंमत चढल्यावर अधिक हवीशी वाटणाऱ्या वस्तूंना पुढे त्यांचेच नाव मिळाले. तेव्हा ग्राहक मागे फिरला तर त्याला अर्थशास्त्र कळत नाही असे समजावे.

संकेतस्थळ शक्य तितके जड करावे. पहिल्याच पानावर वाळवंटातून अनवाणी चालणाऱ्या एका खिन्न मुलीची चित्रफीत असावी, ती थांबवता येऊ नये, आणि तिच्यात विकायची वस्तू कुठेही दिसू नये. ही परंपरा जुनी आहे. लंडनच्या बू डॉट कॉमने नोव्हेंबर १९९९ मध्ये फॅशनचे असेच झगमगीत दुकान उघडले होते, ते त्या काळच्या टेलिफोनच्या तारेवरून उघडता उघडत नसे, आणि सुमारे साडेतेरा कोटी डॉलर खर्चून मे २००० मध्ये त्याने अंग टाकले. आपला ग्राहक जुन्या मोबाइलवर, डेटाचे पाकीट संपत आलेले असताना हे पान उघडणार आहे, याचे भान ठेवून चित्रफीत आणखी थोडी लांबवावी.

चलनाच्या बाबतीत दोन दर बाळगावेत: एक घेताना आणि एक देताना. डिसेंबर २०१४ मध्ये रशियाचा रूबल इतक्या वेगाने कोसळला की कोणत्या किमतीला विकावे हेच कळेना, आणि ॲपलने तिथली आपली ऑनलाइन विक्री काही काळ थांबवली. हा भित्रेपणा आपण करू नये. वस्तूवर किंमत डॉलरमध्ये लिहावी, पैसे स्थानिक चलनात आपल्या मनच्या दराने घ्यावेत, आणि मधल्या काळात जे काही घसरेल ते ग्राहकाच्या माथी मारावे.

सवलतींविषयी मात्र जरा सविस्तर बोलले पाहिजे, कारण इथे थोरामोठ्यांचीही फजिती झालेली आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या सॅक्स फिफ्थ ॲव्हेन्यू या उंची दुकानाने ऐन हंगामात ७० टक्क्यांपर्यंत किमती उतरवल्या आणि उंची वस्तूंच्या ग्राहकाला एका आठवड्यात जो धडा मिळाला तो तो आजतागायत विसरलेला नाही, तो म्हणजे थांबले की स्वस्त मिळते. उरलेला माल ठरावीक तासांपुरता सभासदांना स्वस्तात विकणारी संकेतस्थळे त्याच मंदीत फोफावली. त्यांतल्या गिल्टचे मूल्य एके काळी १०० कोटी डॉलरच्या घरात मानले जाई, आणि साठलेला माल विकून टाकण्याची घाई ब्रँडांना राहिली नाही तेव्हा, २०१६ मध्ये, ती २५ कोटींना विकली गेली. सवलत द्यायची नाही तर उरलेल्या मालाचे करायचे काय? बर्बरी या ब्रिटिश फॅशन कंपनीने त्याला साधे उत्तर शोधले होते. २ कोटी ८६ लाख पौंडांचा न विकलेला माल एका वर्षात नष्ट केल्याचे तिच्याच अहवालातून २०१८ मध्ये उघड झाले, लोक खवळले, आणि त्याच वर्षी कंपनीने ही प्रथा बंद केली. फ्रान्सने तर न विकलेले कपडे जाळण्यावर कायद्यानेच बंदी आणली. आता जाळता येत नाही आणि घरच्या बाजारात स्वस्त विकून नाव घालवायचे नाही, म्हटल्यावर गेल्या हंगामाचा माल पाठवायला एखादी लांबची, उदयोन्मुख, उत्साही बाजारपेठ असणे किती सोयीचे! तिथे तो ‘नवी आवक’ या सदरात मांडावा.

खोका वस्तूपेक्षा भक्कम असावा.

सत्यतेचा गाजावाजा भरपूर करावा. एलव्हीएमएच, प्राडा आणि कार्टिए या उंची मालाच्या कंपन्यांनी २०२१ मध्ये एकत्र येऊन ऑरा नावाची ब्लॉकचेन, म्हणजे सहजी खाडाखोड न करता येणारी डिजिटल नोंदवही, उभी केली, जिच्यात वस्तूचा जन्मापासूनचा प्रवास नोंदवता येतो. आपणही आपल्या ऐपतीप्रमाणे एखादी चिप, एखादा होलोग्राम, एखादे सोनेरी प्रमाणपत्र जोडावे. माझ्या बॅगेला असे प्रमाणपत्र आहे. मोबाइल लावला की चामडे कुठे कमावले आणि शिलाई कुठे झाली हे पडद्यावर येते. माझे पैसे सध्या कुठे आहेत, एवढे मात्र येत नाही.

आता माल परत घेण्याचे धोरण. या धंद्याचा खरा कस इथेच लागतो.

माझी थोरली बहीण तेहतीस वर्षांची नोकरी संपवून निवृत्त झाली. ताईने आयुष्यभर कापडी पिशव्या वापरल्या, म्हणून एकदा तरी तिच्या खांद्याला काही देखणे लटकवावे असे मला वाटले, आणि दीड महिन्याच्या पगाराइतकी रक्कम मोजून मी ती बॅग मागवली. किमतीत सर्व कर धरले आहेत असे पानावर लिहिले होते. दहा दिवसांनी कुरियरवाल्याचा फोन आला की सीमाशुल्क भरल्याशिवाय खोका सुटणार नाही. मी भरले. (सर्व कर म्हणजे त्यांच्या देशातले सर्व कर, हे मला नंतर समजावून सांगण्यात आले.) खोक्यात खोका, त्यात आणखी एक खोका, रेशमी फीत, हाताने लिहिल्यासारखे छापलेले आभाराचे पत्र, आणि शेवटी बॅग. ताईने ती उचलली आणि पट्टा ज्या पितळी कडीत अडकवलेला असतो ती कडी टाक्यांसकट तिच्या हातात आली. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत होते. वाळा मात्र त्या दिवशी प्रथम पाहिला.

तर वाचकहो, धोरण असे असावे. माल परत करण्याची मुदत चौदा दिवसांची ठेवावी आणि ती माल पोचल्यापासून नव्हे, तर गोदामातून निघाल्यापासून मोजावी, म्हणजे त्यातले अकरा दिवस सीमाशुल्क कार्यालयात आपोआप खर्ची पडतात. तक्रार ऐकायला माणूस ठेवू नये. विलायती मुलीचे गोड नाव दिलेला चॅटबॉट ठेवावा, ज्याला ‘कडी’ हा शब्द कळत नाही आणि जो प्रत्येक प्रश्नावर वेष्टनाच्या मापाची माहिती देतो. छायाचित्र मागावे. ते आले की उजेडात काढलेले मागावे, ते आले की पट्टी शेजारी ठेवून काढलेले मागावे, आणि तेही आले की खोका उघडतानाची अखंड चित्रफीत मागावी, कारण बहिणीच्या निवृत्तीची भेट उघडताना कोणताही विचारी माणूस पुरावा गोळा करण्यासाठी कॅमेरा रोखूनच बसतो! नवव्या दिवशी एकदाचे उत्तर पाठवावे की हस्तकौशल्याच्या वस्तूत किंचित वेगळेपण असते आणि तेच तिचे सौंदर्य आहे. होय, हे मला लिहून आलेले आहे. निखळलेली कडी हे सौंदर्य.

ग्राहक तरीही हटला नाही, तर त्याला सांगावे की आम्ही केवळ मध्यस्थ असून माल दुसऱ्या देशातल्या दुकानाचा आहे. त्या दुकानाने सांगावे की व्यवहार संकेतस्थळाशी झालेला आहे. त्याच ब्रँडच्या प्रत्यक्ष दुकानात ग्राहक कडी शिवून मागायला गेला, तर तिथल्या हातमोजे घातलेल्या तरुणाने बॅगेला स्पर्शही न करता सांगावे की ऑनलाइन घेतलेल्या मालाची दुरुस्ती आमच्याकडे होत नाही. मी पैसे देऊन करा म्हटले, तरी नाही. युरोपीय संघाच्या न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये कोटी या सुगंधी द्रव्यांच्या कंपनीच्या खटल्यात असा निर्वाळा दिला की उंची ब्रँड आपली प्रतिमा जपण्यासाठी अधिकृत विक्रेत्यांना परक्या ऑनलाइन मंचांवर माल विकण्यास मनाई करू शकतात. प्रतिमा जपण्याची व्यवस्था इतकी चोख आहे. कडी कोणी जपायची?

आणि सगळ्यात शेवटी, ग्राहक अगदी चिवट निघाला, तर पैसे परत करण्याऐवजी त्याला स्टोअर क्रेडिट, म्हणजे त्याच दुकानात खर्चायची जमा, द्यावे. त्याची मुदत सहा महिन्यांची असावी. ते सवलतीच्या मालावर चालू नये, आणि दुकानात सवलतीचा नसलेला माल शक्यतो ठेवूच नये. सीमाशुल्क परत मिळणार नाही, परत पाठवण्याचा खर्च ग्राहकाचा, आणि मधल्या काळात चलन घसरले तर आकडा आजच्या दराने नव्हे, खरेदीच्या दिवशीच्या दराने धरावा. म्हणजे ज्या दुकानाने मोडकी बॅग पाठवली त्याच दुकानातून आणखी एक बॅग घेण्याची सक्ती, आणि तीही पदरचे पैसे घालून. याला निष्ठावान ग्राहक तयार करणे म्हणतात.

इथवर मी उपदेशकाचा सूर सांभाळला. यापुढे मला तो जमणार नाही. अहो, महाग वस्तूच्या किमतीत चामडे किती असते आणि शिलाई किती असते, हे आम्हाला कळत नाही असे तुम्हाला वाटते काय? तसलीच बॅग रस्त्यावर नक्कल म्हणून कितीला मिळते ते आम्हाला ठाऊक आहे. तरीही आम्ही तुमच्याकडे जास्तीचे पैसे मोजतो, ते या वस्तूबद्दल उद्या कोणीतरी जबाबदार राहील म्हणून मोजतो. नक्कल विकणाऱ्याकडे आणि तुमच्याकडे फरक तेवढाच आहे. मंदी आली आणि खर्च कापायची वेळ आली, तेव्हा तुम्ही चित्रफीत कापली नाही, रेशमी फीत कापली नाही, सोनेरी प्रमाणपत्र कापले नाही. तुम्ही फोन उचलणारा माणूस कापला, कड्या ओढून पाहणारा माणूस कापला, दुरुस्तीचा कारागीर कापला. ज्याचे पैसे घेत होता नेमके तेच काढून टाकले आणि किंमत वर चढवली.

आणि आमच्यासारख्या बाजारांत तुमच्याकडे येतो तो माणूस कोण असतो, याची तरी चौकशी कधी केलीत? वर्षाला दहा बॅगा घेणारा धनिक परदेशात जाऊन, दालनात बसून, सरबराई करून घेऊन खरेदी करतो. ऑनलाइन येतो तो आयुष्यात एकदा घेणारा. मंदीतही त्याने बाजूला टाकलेले पैसे तो घेऊन येतो, आठ दिवस विचार करतो, घरच्यांना विचारतो, रात्री पुन्हा पान उघडून पाहतो आणि मग बटण दाबतो. त्याला तुम्ही गेल्या हंगामाचा माल देता, अर्धवट कर सांगता, आणि तक्रार केली की तो फसवायला आल्यासारखा त्याच्याकडे पुरावे मागता. मग परिषदांमधून रडता की या बाजारपेठा अजून परिपक्व झालेल्या नाहीत, इथला ग्राहक किमतीपलीकडे पाहत नाही. ग्राहकाने किमतीपलीकडे पाहिले होते. पलीकडे कोणी नव्हते.

ताईने कडी कोपऱ्यावरच्या चांभाराकडून बसवून घ्यायची तयारी दाखवली आहे, कारण मी दिलेली भेट मोडकी निघाली याचा मला त्रास होऊ नये अशी तिची इच्छा आहे. मी तिला थांबवले आहे. बॅग तिन्ही खोक्यांसह, फितीसह आणि त्या छापील आभारपत्रासह माझ्या कपाटात आहे. ती घेऊन जा, आणि पैसे ज्या खात्यातून घेतलेत त्याच खात्यात, सीमाशुल्कासकट, जमा करा.