काकांच्या डब्यातले शंभर कोटी

तर अभिनंदन. बोटीवर नोकरी केलेले तुमचे काका गेले, तेराव्याचं सगळं यथासांग झालं, आणि बेळगावच्या शहापुरातल्या जुन्या घराचा माळा आवरताना बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात अमेरिकन बेसबॉलची, खेळाडूंची चित्रं छापलेली कार्डं सापडली, रबर लावून गठ्ठे केलेली, पाचशे-सहाशे तरी असतील. आता याची किंमत कशी काढायची असं मला बऱ्याच जणांनी विचारलं (दोघांनी, आणि दोघं पण माझे चुलतभाऊच), म्हणून अनुभवाचे चार शब्द.

पहिलं काम म्हणजे मोबाईल काढायचा आणि जगातलं सगळ्यात महाग बेसबॉलचं कार्ड कुठलं ते बघायचं. लगेच दिसतंय की. मिकी मँटल नावाच्या खेळाडूचं, टॉप्स कंपनीनं छापलेलं, 1952 सालचं, ऑगस्ट 2022 मध्ये लिलावात 1 कोटी 26 लाख डॉलरला गेलं, म्हणजे तेव्हाच्या भावानं आपले शंभर कोटी. इथंच थांबा, खाली वाचत बसू नका, कारण खाली असलं काय काय लिहिलेलं असतंय की मूड जातो. म्हणजे ते कार्ड दहापैकी साडेनऊ मार्कांचं होतं, आणि त्या सालचा न खपलेला माल कंपनीच्या माणसानं 1960 मध्ये बार्जवर घालून न्यूयॉर्कजवळ समुद्रात बुडवला म्हणून ती एवढी कमी राहिली, वगैरे. आपल्याला काय करायचंय. शंभर कोटी भागिले सहा वारस, सोळा कोटी सहासष्ट लाख, हा हिशोब आमच्याकडं माळ्यावरनं डबा खाली यायच्या आधी झाला होता.

कार्डाचं साल बघायच्या भानगडीत तर पडूच नका. मागच्या बाजूला खेळाडूची आकडेवारी असते, त्यातली शेवटची ओळ ज्या सालाची असते त्याच्या पुढच्या साली बहुतेक करून ते कार्ड छापलेलं असतंय, एवढं सोपं आहे, खरं बघितलं की त्रास होतो. आमच्या काकांची नव्वद टक्के कार्डं 1987 ते 1991 मधली निघाली. त्या काळात तिकडं सगळ्यांनाच वाटायला लागलं होतं की पोराच्या शिक्षणाची सोय होणार, म्हणून जो तो खोकीच्या खोकी विकत घेऊन ठेवायला लागला, कंपन्यांनी पण रात्रंदिवस छापली, आणि आता ती अमेरिकेत प्रत्येकाच्या माळ्यावर आहेत. त्या काळाला तिकडची मंडळी ‘जंक वॅक्स’ म्हणतात, वॅक्स म्हणजे मेणकागदाचं पाकीट आणि जंक म्हणजे काय ते आमच्या रद्दीवाल्यानं बघितल्या बघितल्या सांगितलं.

मग किंमत बघायची कुठं? ऑनलाईन विकायला लावलेल्या असतात की. एखाद्यानं तुमच्यासारखंच कार्ड पाच लाखाला लावलंय, झालं, तुमचं पण पाच लाखाचं. विकल्या गेलेल्या मालाचा भाव वेगळा बघता येतो म्हणे, तिथं तेच कार्ड चहा-भज्याच्या पैशात गेलेलं दिसतं, खरं ते बटण दाबू नका. गणपत गल्लीत शर्टाला बाराशे सांगून साडेतीनशेला देतात, आपण जन्मभर घासाघीस करून घेतलाय, तरी पडद्यावर सांगितलेला आकडा म्हणजे ब्रह्मवाक्य, असं का होतंय कळत नाही.

जाणकाराचा सल्ला तर घ्याच. आमच्या घरात जाणकार म्हणजे ओळखीचा सराफ. त्यानं कार्ड उलटसुलट केलं, सवयीनं काट्यावर ठेवलं, दोन ग्रॅमच्या आत भरलं आणि म्हणाला, ‘‘यात काय नाही.’’ गंमत म्हणजे त्याच्या टेबलावर भिंग पडलेलं होतं आणि तेवढंच एक कामाचं होतं. भिंगातनं बघितलं की जुन्या कार्डावरची अक्षरं बहुतेक सलग शाईची दिसतात, आणि आताच्या नकलेत अक्षरं सुद्धा बारीक ठिपक्यांची. पण भिंग मागायला सुचतंय कुणाला, आम्ही घट किती धरणार ते विचारत होतो.

आता मुख्य मुद्दा, कार्डाची निगा. काकांनी लावलेलं रबर तीस वर्षं बेळगावचा पाऊस खाऊन विरघळलं होतं, प्रत्येक गठ्ठ्याच्या वरच्या आणि खालच्या कार्डाला त्याची तांबूस चिकट रेघ. ती ओल्या फडक्यानं पुसायची. फडकं नसेल तर थुंकी. आमच्याकडं भेटायला आलेल्या पाहुण्यांना कुंदा दिला होता, आणि त्याच हातानं आत्तेभावानं एक कार्ड उचललं, ‘‘ह्यो कोण गा?’’ म्हणून. त्या अंगठ्याएवढ्या जागेत तूप मुरलं ते मुरलंच, उजेडात धरलं की मागची आकडेवारी पुढनं दिसते. असल्या कार्डांना साधी मऊ प्लॅस्टिकची पिशवी आणि वर जाड पारदर्शक कव्हर लागतंय, म्हणजे वीस-तीस रुपयांचा खर्च. एवढा खर्च कोण करणार, म्हणून मी लॅमिनेशन केलं.

एकच केलं, खरं जे केलं ते त्यातलं चांगलं केलं. सगळ्या जंकमध्ये एक कार्ड जुनं होतं, 1960 च्या दशकातलं, मँटलचंच. शंभर कोटीचं नव्हे, पण खरं. काकांनी कुठल्या बंदरात कुणाकडनं घेतलं असेल देव जाणे. ते खराब होऊ नये म्हणून मी कॉलेज रोडला झेरॉक्सच्या दुकानात नेलं, आधारकार्ड करतो तसं करून दे म्हटलं. पोरगं हुशार होतं. कार्ड मशीनमधनं काढलं, कडेला वाढलेलं प्लॅस्टिक कापताना हात जरा आत गेला, आणि मी काय म्हणायच्या आत चारी कोपरे गोल करून दिले. ‘‘खिशात टोचत नाहीत काका,’’ म्हणाला. वीस रुपये. मी थँक्यू पण म्हटलं.

नंतर वाचलं की तिकडं ग्रेडिंग करणाऱ्या कंपन्या असतात, पीएसए म्हणून एक मोठी आहे, त्या एक ते दहा मार्क देतात, आणि बघतात काय, तर कोपरे, कडा, पृष्ठभाग, आणि चित्र मधोमध आहे का नाही. कोपरे पहिल्यांदा. कडा कापलेल्या असतील तर आकडाच देत नाहीत. ही बातमी मी घरात जरा उशिराच सांगितली.

अशा वेळी घाबरायचं नाही, वकिली करायची. थोरल्या चुलतभावानं रात्रभर मोबाईल बघून तोड काढली. होनस वॅग्नर नावाच्या खेळाडूचं सिगारेटच्या पाकिटातनं आलेलं 1909-11 मधलं कार्ड, जगात सगळ्यात गाजलेलं, 2007 मध्ये 28 लाख डॉलरला विकलं गेलं, आणि 2013 मध्ये बिल मास्ट्रो नावाच्या लिलाववाल्यानं गुन्हा कबूल करताना सांगितलं की त्याच्या कडा आपणच कापल्या होत्या. ‘‘म्हणजे बघ,’’ भाऊ म्हणाला, ‘‘कापलेलं पण चालतंय. आपलं त्याच लाईनीतलं.’’ सगळ्यांना पटलं. मला तर सगळ्यात आधी पटलं.

राहता राहिली वाटणी. यात घाई करू नका, आपल्या सीमाभागाला याचा 1956 पासूनचा अनुभव आहे, आणि सुप्रीम कोर्टातला दावा पण 2004 चा. निपाणीची आत्या म्हणते डबा तिच्या भावाचा, खानापूरचे म्हणतात माळा त्यांच्या हिश्श्यातला, उतारा दाखवतात. शेवटी शंभरच्या बाँडवर लिहून झालं की सहाच्या सहा जणांची सही असल्याशिवाय कुणी विकायचं नाही, आणि तोवर डबा बँकेच्या लॉकरमध्ये. रद्दीवाला जंकचा गठ्ठा किलोवर आजच्या आज रोख न्यायला तयार होता, त्याला हाकलून दिलं. लॉकर लहान साईजचा मिळाला, डबा मावेना, मग डबा घरी ठेवून कार्डं दाबून बसवली आणि वर परत रबर लावलं, नवीन आणून.

भाडं वर्षाला दीड हजाराच्या वर जातंय, वर जीएसटी. यंदा माझी पाळी आहे.