खळ्याला उतार, गाडीला कॅम्बर

आमच्या वाडीत रिमोटची गाडी म्हणजे आंगणेवाडीच्या जत्रेतून आणायची, घरी पोचेपर्यंत तिची अँटेना मोडायची आणि दुसऱ्या दिवशी सेल काढून टॉर्चमध्ये घालायचे. त्यामुळे पोराबाळांचा बाप असलेला मनुष्य रविवारी सकाळी खळ्यात उकिडवा बसून तळहाताएवढ्या चाकाचा कोन मोजतो, हे लोकांच्या पचनी पडत नाही. शेजारचे तात्या येतात, गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालतात आणि विचारतात, "अ‍ॅव्हरेज किती देता?"

गाडी खऱ्या गाडीच्या एकदशांश आकाराची टूरिंग कार आहे. रुंदी 190 मिलिमीटर, पुढच्या आणि मागच्या आसांमधलं अंतर 257. खऱ्या रेसच्या गाडीत जे जे बिघडू शकतं ते सगळं हिच्यात आहे, फक्त दहापट लहान. म्हणजे मानेला आणि डोळ्यांना दहापट महाग.

तिचं सस्पेन्शन आमच्या सामायिक सातबाऱ्यासारखं आहे. एका कोपऱ्याला हात लावा, बाकीचे सगळे हिस्सेदार जागे होतात. राइड हाइट, म्हणजे जमिनीपासून चॅसिसची उंची, मिलिमीटरभर वाढवली की चाकांचा कॅम्बर बदलतो. कॅम्बर म्हणजे चाकाचा माथा आत किंवा बाहेर कललेला असणं. आमच्याकडे तो दोन अंश आत असतो. तो जागेवर आणण्यासाठी टर्नबकल नावाची सळई फिरवावी, तर टो, म्हणजे चाकांच्या तोंडाची दिशा, हलतो. मागच्या चाकांना तीन अंश टो-इन, म्हणजे त्यांची पुढची कड किंचित आत वळलेली. हे तीन अंश घटले की सरळ रस्त्यावरसुद्धा गाडीचं मागचं धूड पुढे यायला बघतं. टो दुरुस्त करून उठावं, तोवर लक्षात येतं की उंची मोजताना बॅटरी घातलेलीच नव्हती.

टर्नबकल ही वस्तू मात्र ज्यानं काढली त्याच्या डोक्याला मी मानतो. बोटभर सळई, एका टोकाला उजवे आटे, दुसऱ्या टोकाला डावे. ती न काढता जागेवरच फिरवली की चाकाला चॅसिसशी धरणारी लिंक लांब किंवा आखूड होते. चारही एका दिशेनं बसवायच्या असतात, नाहीतर ऐन वेळी कुठली कुठे फिरवायची याचा निकाल लागत नाही. माझ्या बसवलेल्या आहेत. घरात एवढी एकच गोष्ट शिस्तीत आहे.

मोजमापाला सपाट जागा लागते. घरातली सगळ्यात सपाट जागा म्हणजे स्वयंपाकघरातला कडाप्याचा ओटा. आईचं म्हणणं, "ओट्यार गाडी कित्याक ठेवलंस? बांगडे खय कापू?" तिला थोपवून मी चाकांना डिजिटल कोनमापक लावला. डाव्या चाकाला 2.6, उजव्याला 1.4. टर्नबकलला हात घालण्याआधी गाडी तोंड फिरवून ठेवली, तर दुखणं डावीकडून उजवीकडे गेलं. कोनमापक धरतो गुरुत्वाकर्षणाला, आणि ओट्याला उतार होता मोरीकडे, मीटरमागे सेंटिमीटरभर. म्हणजे अर्ध्या अंशाहून जरासा जास्त. गवंड्यानं काम चोख केलेलं, त्यात बोलायला जागा नाही. शेवटी आजोबांच्या मोठ्या तसबिरीची काच काढून आणली आणि तिच्याखाली कागदाच्या घड्या सारून पाणसळीत घेतली. आजोबा काचेविना भिंतीवरून बघत होते.

काचेवर आणखी एक तपासणी होते. सुरीचं टोक पुढच्या बंपरखाली बरोबर मध्यावर धरून गाडी अलगद उचलायची. पुढची दोन्ही चाकं एकदम सुटली पाहिजेत. एक आधी सुटलं तर गाडीत पीळ आहे. ही तपासणी मला फार आवडते, कारण तिला आकडे लागत नाहीत. आईला आवडत नाही, कारण तिला सुरी लागते.

एवढं करून गाडी खळ्यात सोडली की माडांकडे ओढ घेते. टो तपासला, पीळ तपासला, रिमोटवरचं स्टिअरिंग सरळ करायचं ट्रिम तपासलं. काच सांगते सगळं ठीक आहे. तात्यांना म्हटलं, "सारखी खाली जाता."

"जातलीच," तात्या म्हणाले. "खळा करताना तुज्या बापाशीन उतार काढून घेतलो. पावसाचा पाणी खय जातला मगे?"

वर्षाला तीनेक हजार मिलिमीटर पाऊस पडतो तिथे मी अर्ध्या मिलिमीटरचा हिशेब घेऊन बसलेलो, त्यामुळे यावर काही बोललो नाही.

गणपतीत मुंबईहून चुलतभाऊ आला. तिकडे तो गालिचा अंथरलेल्या ट्रॅकवर गाडी चालवतो. येताना युरोपातल्या कुठल्याशा शर्यतपटूची सेटअप शीट घेऊन आला. तिच्यात राइड हाइट 5 मिलिमीटर. आमच्या खळ्याच्या सिमेंटला मधोमध एक भेग आहे, तिची कडच तेवढी वर आलेली. पहिल्याच फेरीत चॅसिसचा असा आवाज झाला की तुळशीपाशी झोपलेला कुत्रा उठून मागच्या दारी गेला. भाऊ म्हणाला, "सरफेस खराब आहे." हे आम्हाला मान्यच होतं. वर सुपारीची सालं, जांभ्याची लाल धूळ, आणि खाऱ्या हवेनं गंजलेल्या बेअरिंगची कुरकुर. शीटमध्ये यांच्यासाठी रकाने नव्हते.

आमच्या धुळीवर पकड कमी, म्हणून रोल सेंटर खाली आणायचं ठरवलं. वळणावर गाडी ज्या न दिसणाऱ्या बिंदूभोवती कलते, तो हा. वरच्या लिंकचं आतलं टोक अर्ध्या मिलिमीटरची शिम, म्हणजे पातळ चकती, घालून उचललं की लिंक आडवी होते, बिंदू खाली सरकतो, गाडी जरा जास्त कलते आणि निसरड्या जागी धरून चालते. लिंकच्या टोकाचा बॉलकप उचकटताना तो नेहमीप्रमाणे टक् करून सुटला आणि बशीत काढून ठेवलेल्या निळ्या शिम्स ओट्यावरून उडाल्या. खाली आई सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती.

मी आणि भाऊ ओणवे होऊन फरशी चाचपत असताना आईनं तळहातावर एक निळी चकती पुढे केली. "ही तुजीच मां? दाताखाली इली असती म्हणजे?"

कॅलिपर लावला. एक मिलिमीटरची निघाली.

"आये, तांदूळ धुव नको हां इतक्यात."

"अर्दे कदीच चुलीर चढले," आई म्हणाली. "जेवताना सगळ्यांनी बघून चावा."