रिटर्न थांबवून सरकार वाकत नाही, दुकान बसतं

‘व्यापाऱ्यांनो, आतातरी जागे व्हा’ असा एक मेसेज आपल्याकडच्या किराणा-धान्याच्या ग्रुपांवर फिरून राहिला आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याला थोक किराण्याचं दुकान चालवणाऱ्या माझ्या धाकट्या भावापर्यंत तो पोचला. परवा त्याचा फोन आला, ‘‘दादा, या महिन्यात जीएसटीचं थ्रीबी रिटर्न नाही भरत मी. सगळेच थांबून राहिले.’’ म्हणून हे लिहावं लागतंय.

मेसेजचं म्हणणं असं: तालुक्याची व्यापारी संघटना नुसती निवेदनं देते, त्यानं आजवर काही बदललं नाही. संघटना मोठ्या अडत्यांची आहे. तक्रार आता ज्याची त्याला सरकारी पोर्टलवर करता येते. बाजार समितीत व्यापाऱ्याला स्थान नाही. तेव्हा वर्गणी बंद करा आणि सगळे मिळून तीन महिने जीएसटीचं रिटर्न भरू नका, सरकार आपोआप वाकेल.

शेवटचं आधी घेतो, कारण त्यानं खरोखर दुकानं बसतील.

लागोपाठ दोन महिन्यांचं रिटर्न राहिलं की तुमचं ई-वे बिल, म्हणजे गाडीनं माल पाठवायला लागणारा ऑनलाइन कागद, निघणं बंद होतं. तेलाचे पिपे आणि साखर भरलेली गाडी दारातच उभी राहते. मागच्या महिन्याचं थ्रीबी नसेल तर पुढचं आर-वन, म्हणजे विक्रीच्या बिलांचं विवरण, तेही भरता येत नाही. आर-वन गेलं नाही की तुमच्याकडून माल घेणाऱ्या नोंदणीकृत दुकानदाराच्या टू-बीमध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या त्याच्या खरेदीच्या यादीत, तुमचं बिल दिसत नाही आणि त्याचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, अडकतं. तो काय करेल? पुढच्या वेळी दुसऱ्याकडून माल घेईल. म्हणजे मार सरकारला नाही, आपल्याच गिऱ्हाइकाला आणि मग आपल्याला. थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज वेगळं. सहा महिने असंच चाललं तर नोंदणीच रद्द होऊ शकते. हे महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांचं झालं. तिमाहीवाल्यांचं ई-वे बिल दोन तिमाह्या राहिल्या की अडतं, एवढाच फरक. आणि ज्यांची रिटर्नं थकली आहेत अशा माणसांच्या सह्या घेऊन संघटनेनं कोणत्या तोंडानं अधिकाऱ्यासमोर बसायचं? हा मेसेज लिहिणाऱ्यानं कधी दुकान चालवलं असेल असं मला वाटत नाही.

आता ‘निवेदनानं काही बदललं नाही’ हे. २ जुलै २०२१ ला केंद्र सरकारनं मूग सोडून सगळ्या डाळींवर साठ्याची मर्यादा घातली. थोक व्यापाऱ्याला २०० टन, त्यात एका प्रकारची डाळ १०० टनांपेक्षा जास्त नको. डाळमिलला मागच्या तीन महिन्यांचं उत्पादन किंवा वार्षिक क्षमतेच्या २५ टक्के, यातलं जे जास्त असेल ते. अकोल्याच्या कोणत्याही मिलवाल्याला विचारा, हे कसं जमणार होतं. नवी तूर बाजारात यायला लागते जानेवारीच्या सुमारास, मिलवाले तेव्हाच खरेदी करून ठेवतात आणि पुढे महिनोन्‌महिने भरडतात. देशभरच्या डाळ व्यापाऱ्यांच्या आणि मिलवाल्यांच्या संघटनांनी विरोध केला, आपली अडचण आकड्यांत मांडली. १९ जुलैला आदेश बदलला. थोकवाल्याला ५०० टन, एका प्रकारची २०० टनांपर्यंत. मिलला सहा महिन्यांचं उत्पादन किंवा क्षमतेच्या ५० टक्के. आयातदार मर्यादेतून मोकळे. भाव नरमले होते हेही कारण होतंच, पण राज्यांकडून आणि संबंधित घटकांकडून आलेलं म्हणणं विचारात घेतल्याचं सरकारनं स्वतःच जाहीर केलं होतं. निव्वळ पुष्पगुच्छ आणि फोटोनं हे होत नसतं. कोणत्या कलमानं काय अडतं, किती माल अडकतो, त्याऐवजी काय हवं, हे कागदावर लागतं आणि पोच म्हणून आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली दुसरी प्रत हातात लागते.

संघटना मोठ्यांची आहे, यात तथ्य आहे. नाइलाजानं म्हणतो, पण आहे. त्याच आदेशात किरकोळ दुकानदाराचे पाच टन आधीही पाच होते आणि नंतरही पाचच राहिले. त्यांच्यासाठी जोर लावणारं कोणी दिसलं नाही. आपल्या तालुक्यांतही अध्यक्षाची खुर्ची वर्षानुवर्षं एकाच घरात असते आणि फोटो मात्र दर महिन्याला येतात. पण म्हणून वर्गणी थांबवली की तुमचा आवाज आणखी खाली जातो. संघटना धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असेल तर तिला तपासलेले हिशेब ठेवावेच लागतात. ते मागा. वार्षिक सभेला जा, छोट्या दुकानदारांची मागणी ठरावात लिहून घ्या.

पोर्टलचं म्हणाल तर तिथं तुमचं एकट्याचं अडलेलं काम सुटेल. सरकारी कार्यालयात लोकांच्या तक्रारी ऐकायला लोकशाही दिन असतो, त्यातही तक्रार वैयक्तिक स्वरूपाचीच घेतात. आठवडी बाजाराची वसुली सगळ्यांवर वाढली, रस्ता रुंदीकरणात अख्खी ओळ जाणार आहे, असले प्रश्न एकेकट्याच्या तक्रारीत बसत नाहीत. ते कोणीतरी सगळ्यांच्या वतीनंच मांडावे लागतात.

आणि बाजार समितीत स्थान नाही, हे धडधडीत खोटं आहे. १८ संचालकांत दोन अडते-व्यापारी मतदारसंघातून निवडून जातात. दोन कमी आहेत असं म्हणा, मी तुमच्यासोबत आहे.

भावानं रिटर्न अजून भरलेलं नाही, पण सीएला फोन केला आहे. ज्यांनी ज्यांनी थांबवलं असेल त्यांनी आजच करावा. देय तारीख उलटली की दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क चालू होतं, निरंक, म्हणजे कर देय नसलेलं, रिटर्न असलं तर २०.