हिरवे मामा

मामा ठणठणीत आहेत. हे आधीच सांगतो, कारण परवापासून मला ते बऱ्याच जणांना सांगावं लागतंय.

ब्लॅक अँड व्हाइट फोटोंसाठी मला मोठा इंकजेट प्रिंटर घ्यायचाय. १७ इंची की २४ इंची, हे दोन वर्षं ठरत नाही. म्हणून मामांचा फोटो पेनड्राइव्हवर घेऊन कुडाळच्या एका दुकानात गेलो. १७ इंची कागदावर कसा दिसतो ते तरी बघू! बाकावर एक काका आधार कार्ड लॅमिनेट व्हायची वाट बघत बसलेले.

प्रिंट बाहेर आली. काकांनी चपला काढल्या, हात जोडले.

"कधी गेले?"

"अहो, जिवंत आहेत!"

"मगे काळो फोटो कित्याक?"

मी छायाप्रकाश, पोत वगैरे सुरू केलं. काकांनी मान डोलावली आणि हळूच विचारलं, "रंगीत काढूक पैशे कमी पडले?" मग चष्मा पुसून जवळ आले. "पण ह्यांचा तोंड हिरवा कित्या दिसता?"

माझा जीव जळला, कारण तोंड हिरवंच होतं. दुकानातल्या प्रिंटरात काळी शाई एकच. करडा रंग तो निळी, किरमिजी, पिवळी मिसळून करतो, आणि मिश्रण जरा ढळलं की मामांना शेवाळ. काका प्रिंट घेऊन थेट रस्त्यावर. "भायर येवा! हय उनात लाल दिसतत!"

उजेड बदलला की छटा बदलते, याला मेटॅमेरिझम म्हणतात. मला ते कळायला दोन वर्षं लागली. काकांना आधार कार्ड गार होईपर्यंत.

तुम्ही म्हणाल, मग एपसनचा पी९०० घे: १७ इंची, १० शाया, त्यात करड्याच दोन. घेतो की! पण एकेक कार्ट्रिज ५० मिलीचं, म्हणजे औषधाची बाटली बरी. बरेच दिवस चालवला नाही तर नोझल, म्हणजे शाई फवारणारी बारीक भोकं, सुकू शकतात, आणि ती साफ करायला परत शाईच ओतायची. रोज छापायला मी काय पेपर काढतो? जुलैत आमच्याकडे डब्यातला पापड मऊ पडतो. महागडा कॉटन कागद फुगून शाई फवारणाऱ्या हेडला घासला तर कोणाकडे रडू? त्यात वीज आपल्या मर्जीची.

दुकानदाराने पैसे रंगीत प्रिंटचे लावले. "काळा-पांढरा आहे," म्हटलं. "शाई रंगीतच गेली ना?" म्हणाला. हेही खरंच होतं, म्हणून जास्त लागलं.

घरी पोचलो तोवर मामांचा फोन.

"मी मेलंय म्हणान आयकलंय."

"मामा, तो एक काका..."

"ता ऱ्हवांदे. फोटो कितको मोठो काढलंस?"

"१७ इंच."

पलीकडे बराच वेळ शांतता.

"सरपंचाच्या वाढदिवसाक धा फुटाचो लागललो."

२४ इंचीचे दर विचारायला परवा परत जायचंय. काका नसतील अशा वेळी.