सावली आधी कुणाला?

कोल्हापुरात ताराबाई पार्क, नागाळा पार्कातल्या जुन्या बंगल्यांच्या रस्त्यानं भर मे महिन्यात दुपारी चालता येतं. तिथनं राजेंद्रनगर नाहीतर यादवनगरच्या आतल्या बोळात शिरा. शहर तेच, पण डोक्यावर पत्रा, पायाखाली काँक्रीट. दुपारी पत्रा भाजतो आणि रात्री तो निवला तरी भिंती धग सोडत राहतात.

या घरात दुपारी कोण असतं? शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत रात्रपाळी करून आलेला माणूस. रात्रभर भट्टीपुढं उभं राहायचं आणि दिवसा पत्र्याखाली झोपायचं. शिवाय बाळंतीण, म्हातारी माणसं, सुट्टीतली पोरं. कूलर घेतलाच तर बिल बघून तो बंद ठेवायचा.

म्हणून माझं मत सरळ आहे. पुढची काही वर्षं महापालिकेनं, संस्थांनी, कंपन्यांनी लावायचं प्रत्येक झाड आधी या वस्त्यांत लावावं. रंकाळा आणि बागा थांबतील. पाच जूनला जिथं आधीच गारवा आहे तिथंच जाऊन रोप लावायचं, फोटो काढायचा, हा प्रकार आता पुरे.

हे दुखणं फक्त आपलं नाही. अमेरिकेत १९३० च्या दशकात सरकारी नकाशांवर गरिबांचे आणि कृष्णवर्णीयांचे भाग लाल रंगात दाखवून 'इथं कर्ज धोक्याचं' असं ठरवलं होतं. २०२० मध्ये १०८ शहरांचा अभ्यास झाला, तेव्हा त्यातल्या ९४ टक्के शहरांत तेच लाल भाग आजही जास्त तापलेले निघाले. कारणांत झाडं कमी आणि डांबर-काँक्रीट जास्त, हे होतंच. आपल्याकडं असा नकाशा कुणी काढला नाही, पण झाडं कुठं आहेत ते बघत शहरभर हिंडलात तर तो आपोआप दिसतो.

"वस्तीत जागा कुठाय?" हे उत्तर ठरलेलं. बोळात वड लावा असं कोण म्हणतंय? अंगणवाडीचं आवार, महापालिकेच्या शाळा, सार्वजनिक नळाचा कट्टा, रिक्षा स्टॉप, तालमीपुढची मोकळी जागा, नाल्याचा काठ. एवढ्या जागा धरल्या तरी पुष्कळ झालं. आणि लावताना पश्चिमेची बाजू बघा. दुपारनंतरचं ऊन तिकडनं भिंतीवर येतं, ते अडलं की घरात फरक पडतो. पान पाणी बाहेर टाकतं त्यानं हवा निवते हे खरं, पण वळीव पडून दमट झालं की तो परिणाम कमी होतो. सावली मात्र तेव्हाही सावलीच.

झाड कुठलं? दुभाजकात लावतात ते बाटलीपाम तर नकोतच. विजेच्या खांबाला हिरवा रंग दिला तर जेवढी सावली पडेल तेवढीच त्याची. करंज, कडुनिंब, बकुळ, कांचन लावा. वर तारा असतील तर लहान घेराचं झाड निवडा, नाहीतर दरवर्षी कुणीतरी येऊन एका बाजूनं त्याचं डोकं छाटणार. बुंध्याभोवती एक मीटर तरी माती उघडी ठेवा. आपल्याकडं पेव्हिंग ब्लॉक बुंध्याला गळफास लागेपर्यंत बसवतात.

वस्तीतल्या बायकांचं म्हणणंही ऐकलं पाहिजे. एक मावशी मला तोंडावर म्हणाल्या, "सावली तुमच्या फोटोला, पालापाचोळा आमच्या झाडूला." बरोबरच आहे. गटारात पानं तुंबतात, मुळं भिंतीत शिरतात, वळवाच्या वाऱ्यात फांदी पत्र्यावर पडते. झाड लावणाऱ्यानं पाचोळा उचलायची आणि छाटणीची सोय आधी सांगावी, मग खड्डा काढावा. वस्तीला न विचारता लावलेलं झाड वस्ती का जगवेल?

खरी गोम जगवण्यातच आहे. पावसाळ्यात कोल्हापुरात काठी रोवली तरी फुटते. रोप मरतं ते फेब्रुवारी ते मे, पहिल्या दोन-तीन उन्हाळ्यांत. राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीनं तोडलेल्या झाडाच्या बदल्यात सहा ते आठ फुटांची रोपं लावून सात वर्षं निगा राखायची तरतूद आली. आपण मात्र वीतभर रोप लावतो आणि सात दिवसांत विसरतो. लोखंडी जाळी तर त्याआधीच भंगारात जाते.

आणि पाणी घातलं तर उघडा माळ बदलतो, हे याच शहरानं करून दाखवलंय. १९६२ साली शिवाजी विद्यापीठ सुरू झालं तेव्हा सागरमाळ कसा होता ते जुन्या माणसांना विचारा. आज त्या साडेआठशे एकरांत सकाळी फिरायला गर्दी असते. तिथं तळी होती, माळी होते, पगार होता. वस्तीतही पाणी घालणाऱ्याला पगार द्यावा लागेल. तिथल्याच बायकांना हे काम द्या, आणि पैसे रोप लावल्यावर नको, तिसऱ्या उन्हाळ्यात जिवंत असलेल्या झाडामागं द्या.

तालमी आणि मंडळांनी उरलेला भार उचलायला काय हरकत आहे? गल्लीतल्या झाडांना उन्हाळाभर टँकर परवडत नाही म्हणणाऱ्या मंडळानं आधी विसर्जन मिरवणुकीतल्या डॉल्बीचं बिल दाखवावं.