‘दोन्ही बॉक्स रेकॉर्डच करतात ना?’ : घणसोलीकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

घणसोलीकर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया खरमरीत आहे, पण मुद्द्याची आहे, म्हणून उत्तर सविस्तर देतो. ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. केबलच्या दोन रेकॉर्डर बॉक्सची तुलना होती. एकात ५०० जीबीची डिस्क आणि दोन ट्यूनर (वायरीतला सिग्नल पकडणारा भाग). दुसऱ्यात डिस्क नाही, ट्यूनर एकच, मागे यूएसबीचा पोर्ट. डिस्क किंवा पेनड्राइव्ह आपला आपण लावायचा. पहिल्याला मी झुकतं माप दिलं आणि दुसऱ्याला ‘कामचलाऊ’ म्हटलं. त्यावर घणसोलीकरांचे आक्षेप असे: तासांचे आकडे जाहिरातीतले आहेत, दोन ट्यूनरला दोन वायरी लागतात हे लपवलं, एका ट्यूनरच्या बॉक्सवरही रेकॉर्डिंग चालू असताना दुसरा चॅनल बघता येतो, मग फरक काय, आणि यूएसबीवाल्याला कितीही मोठी डिस्क लावता येते, तर ५०० जीबीचं कौतुक कशाला.

पहिला आक्षेप मान्य. ‘साडेपाचशे तास’ असा आकडा मी दिला आणि तो फक्त एसडीचा, म्हणजे एचडी नसलेल्या साध्या चॅनलचा आहे हे लिहायचं राहिलं. हिशेब सोपा आहे. १ मेगाबिट प्रति सेकंद या वेगाचं चित्र तासाला ४५० एमबी जागा खातं. एसडी चॅनल २ मेगाबिटने येत असेल तर तासाला ०.९ जीबी, म्हणजे ५०० जीबीत ५५५ तास. एचडी चॅनल ८ मेगाबिटचा असेल तर तासाला ३.६ जीबी, आणि तीच डिस्क १३८ तासांत भरते. त्यातही चालू कार्यक्रम थांबवून मागे नेण्याच्या सोयीसाठी बॉक्स काही जागा स्वतःकडे राखून ठेवतो, ती वजा करा. वनडे सामना एचडीत आठ तास रेकॉर्ड केला तर २९ जीबी गेले. म्हणजे ३२ जीबीचा पेनड्राइव्ह एका सामन्यात संपला.

दोन वायरींचं मात्र तुमचं चुकलंय. तो नियम डिशचा. छत्रीवरच्या साध्या एलएनबीकडून (छत्रीसमोर बसवलेला, सिग्नल गोळा करणारा डबा) एका वायरीवर एका वेळी एकाच ध्रुवणाचे, म्हणजे आडव्या किंवा उभ्या लहरींचे, चॅनल उतरतात, म्हणून तिथे दोन ट्यूनरला दोन वायरी ओढाव्या लागायच्या. केबलच्या एकाच वायरीतून सगळ्या फ्रिक्वेन्सी एकदमच येतात. दोन ट्यूनर असोत की चार, बॉक्सच्या आतच वाटणी होते. भिंतीतून आलेली एक वायर पुरते. फक्त तिच्यावर स्प्लिटरांची (एका वायरीला फाटे फोडणाऱ्या जोडांची) माळ नको. दुहेरी स्प्लिटर साधारण साडेतीन ते चार डेसिबल खातो, चौपदरी सात ते आठ. बॉक्सपाशी सिग्नल ५० ते ६५ डेसिबल मायक्रोव्होल्टच्या दरम्यान हवा, आणि केबलवाल्याच्या मीटरवर एमईआर (सिग्नल किती स्वच्छ आहे त्याचं माप) ३० च्या आसपास किंवा वर. २६ च्या खाली गेला की चित्राचे चौकोन पडू लागतात. बॉक्सच्या मेनूत दिसणाऱ्या ‘सिग्नल ८० टक्के’ वर विसंबू नका. तो टक्का कशाचा, हे प्रत्येक बॉक्स स्वतःच ठरवतो.

आता तुमचा सगळ्यात चांगला मुद्दा. रेकॉर्डिंग चालू असताना दुसरा चॅनल बघता येतो, हे खरं आहे. पण कोणताही नाही. ट्यूनर चॅनल पकडत नाही, फ्रिक्वेन्सी पकडतो. केबलची एक फ्रिक्वेन्सी ८ मेगाहर्ट्‌झ रुंद असते आणि केबलच्या नेहमीच्या मापाला (सेटिंगमध्ये ‘६४ क्वॅम, ६८७५ सिंबल रेट’ असं दिसतं) तिच्यातून सुमारे ३८ मेगाबिट प्रति सेकंद वाहतात. त्यात २ मेगाबिटचे एसडी चॅनल दीड डझनावर बसतात. तुम्ही रेकॉर्ड करत असलेला चॅनल आणि बघत असलेला चॅनल याच एका डब्यातले प्रवासी असतील, तर एका ट्यूनरवर दोन्ही कामं होतात. डबा बदलला की ट्यूनर अडला, आणि बॉक्स ‘रेकॉर्डिंग थांबवू का?’ असं विचारतो. एचडीत ही सवलत जवळजवळ संपते, कारण ८ मेगाबिटचे चारच चॅनल एका फ्रिक्वेन्सीत मावतात.

तुमच्या बॉक्सवर हे तपासायला दहा मिनिटं लागतात. घरात रोज बघितले जाणारे सात-आठ चॅनल कागदावर लिहा. एकेक चॅनल लावून मेनूतल्या ट्यूनर किंवा सिग्नल माहितीच्या पानावर जा आणि तिथला मेगाहर्ट्‌झचा आकडा चॅनलसमोर लिहा. चॅनल क्रमांकावरून अंदाज बांधू नका. क्रमांक शेजारी असले तरी फ्रिक्वेन्सी पार वेगळी असू शकते. ज्या दोन चॅनलांचा आकडा सारखा, ती जोडी एका ट्यूनरवर जमण्यासारखी. मग एकावर रेकॉर्डिंग लावून दुसऱ्यावर खरंच जाता येतं का तेही बघा, कारण काही बॉक्स एका वेळी एकच चॅनल उलगडतात आणि फ्रिक्वेन्सी एक असूनही नकार देतात. हा कागद कायमचा नसतो. केबलवाले चॅनल इकडून तिकडे हलवतात, आणि कालपर्यंत जमणारी जोडी आज जमेनाशी होते.

तर फरक काय? मूळ लेखात मी दुसऱ्या ट्यूनरची महती ‘एकाच वेळी दोन कार्यक्रम’ अशी सांगितली आणि तिथेच माझी मांडणी लंगडी पडली. तुमच्यासारखा कुणीही म्हणणार, एकाच वेळी दोन कार्यक्रम आम्हाला नकोच आहेत. दुसऱ्या ट्यूनरची खरी गरज लागते ती पाच-सात मिनिटांसाठी. आठची मालिका घड्याळी आठला सुरू होत नाही आणि साडेआठला संपत नाही. म्हणून जाणता माणूस टायमरला आधी दोन आणि नंतर पाच मिनिटांचा जादा वेळ देतो: ७.५८ ते ८.३५. आता साडेआठची मालिका दुसऱ्या चॅनलवर आहे, तिचा टायमर ८.२८ ला सुरू होणार. ८.२८ ते ८.३५ ही सात मिनिटं एका ट्यूनरला दोन मालक. बहुतेक बॉक्स अशा वेळी पहिल्याचं शेपूट कापतात किंवा दुसरा टायमर सरळ रद्द करतात. शेपूट कापलं म्हणजे नेमकं दार उघडून कोण आलं ते राहिलं. दोन ट्यूनरचा बॉक्स हे ओझं निमूट उचलतो. एकट्या माणसाच्या घरातही ही अडचण येते, आणि डिस्क कितीही मोठी लावली तरी सुटत नाही.

महाएपिसोडचं दुखणं वेगळं, आणि तिथे दोन्ही बॉक्स सारखेच उघडे पडतात. टायमर घड्याळावर लावला असेल (सोमवार ते शनिवार, आठ ते साडेआठ) तर रविवारचा खास भाग त्याच्या गावीही नसतो, आणि एक तासाच्या भागाचा अर्धाच हाती येतो. गाइडमधून (बॉक्सवर दिसणाऱ्या कार्यक्रमांच्या वेळापत्रकातून) मालिका निवडून टायमर लावला तर वेळ आपोआप वाढते, पण गाइडमध्ये त्या भागाचं नावच निराळं टाकलं असेल आणि बॉक्स नावावरून जुळवणी करत असेल, तर तो भाग सुटतो. केबलच्या गाइडवर फार भिस्त ठेवू नये. कित्येक चॅनलांसमोर नुसतं चॅनलचंच नाव लिहिलेलं असतं. शनिवारी रात्री रविवारचं गाइड उघडून हाताने एक टायमर टाकावा, याला पर्याय नाही. आणखी एक: बॉक्स फॅक्टरी रिसेट केल्यावर घड्याळ बघा. संध्याकाळी आठ वाजता ते दुपारचे अडीच दाखवत असेल, तर साडेपाच तासांचा भारतीय फरक पुसला गेलाय. तसाच आठचा टायमर लावलात तर रेकॉर्डिंग रात्री दीडला होईल.

‘कितीही मोठी डिस्क’ यावर येतो. २ टीबीपेक्षा मोठी डिस्क पुष्कळ बॉक्स ओळखत नाहीत. पण त्याआधी विजेचा प्रश्न येतो. यूएसबी २.० चा पोर्ट नियमाने ५०० मिलिअँपिअर देतो. अडीच इंची पोर्टेबल डिस्कची थाळी सुरुवातीला फिरायला लागताना त्याहून जास्त, कधी १ अँपिअरच्या घरात मागते. लक्षणं ओळखीची आहेत: डिस्क टक-टक वाजते, फिरते आणि थांबते, लावताक्षणी बॉक्स रिस्टार्ट होतो, किंवा सगळं सुरळीत दिसतं आणि वीस मिनिटांनी ‘डिस्क आढळली नाही’. डिस्क खराब समजून लोक दुसरी आणतात, तिचंही तेच होतं. स्वतःचा ॲडॅप्टर असलेला यूएसबी हब मध्ये घाला, किंवा स्वतःचा ॲडॅप्टर असलेली साडेतीन इंची डिस्क लावा. प्रश्न मिटतो.

पेनड्राइव्हला वीज पुरते, पण त्याची झीज होते. टाइमशिफ्ट, म्हणजे चालू कार्यक्रम थांबवून मागे नेण्याची वर सांगितलेली सोय, चालू ठेवलं तर बॉक्स तुम्ही बघत असलेलं सगळं अखंड लिहीत राहतो. ८ मेगाबिट म्हणजे सेकंदाला १ एमबी, दिवसरात्र टीव्ही चालू असेल तर ८६ जीबी. म्हणजे ३२ जीबीचा पेनड्राइव्ह रोज पावणेतीन वेळा पुरा लिहून पुसला जातो. स्वस्तातला हे फार दिवस सोसत नाही. पेनड्राइव्हच वापरायचा असेल तर सेटिंगमध्ये टाइमशिफ्ट बंद करा आणि फक्त टायमरची रेकॉर्डिंग त्यावर घ्या.

रेकॉर्डिंग मध्येच तुटतंय अशी तक्रार असेल तर कुठे तुटतं ती वेळ बघा. फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या डिस्कवर एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही. ८ मेगाबिटच्या चॅनलवर ही हद्द १ तास ११ मिनिटांनी येते, ६ मेगाबिटवर १ तास ३५ मिनिटांनी. चांगला बॉक्स तिथे गुपचूप दुसरी फाइल उघडतो. साधा तिथेच थांबतो. एसडीवर हीच हद्द पावणेपाच तासांवर जाते, त्यामुळे मालिका बघणाऱ्या घरात हा दोष वर्षभर लक्षात येत नाही आणि एचडीत सामना लावला त्याच दिवशी उघडा पडतो. उपाय: डिस्क संगणकावर नव्हे, बॉक्सच्याच मेनूतून फॉरमॅट करा. त्यात आधीचं सगळं पुसलं जातं, तेव्हा लग्नाच्या फोटोंची डिस्क इथे नको. काढतानाही मेनूतून ‘डिस्क काढा’ म्हणूनच काढा.

आतल्या डिस्कचा बॉक्स निर्दोष आहे असं नाही. त्याचा शत्रू उष्णता. टीव्हीच्या कपाटात कोंबलेला, वर विणलेला रुमाल, रुमालावर गणपती, हे दृश्य आपल्याकडे नवं नाही. वरच्या जाळीतूनच गरम हवा बाहेर पडते. वर आणि दोन्ही बाजूंना चार बोटं तरी जागा सोडा. दुसरा शत्रू भिंतीवरचं बटण. झोपताना सगळं मेन स्विचवरून बंद करण्याची सवय वीज वाचवायला चांगली, पण टायमर त्यात मरतो. चालू लिहित्या डिस्कची वीज तोडली तर ते रेकॉर्डिंग यादीत दिसतं आणि उघडत नाही. आधी रिमोटने स्टँडबाय, मिनिटभर थांबून मग बटण.

लाइट जाण्याचं म्हणाल तर नवी मुंबई काय, ठाणे काय, देखभालीच्या दिवशी दोन्ही बॉक्स सारखेच. राउटरसाठी मिळतो तसा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावता येतो. त्याचे अँपिअर बॉक्सच्या ॲडॅप्टरवर छापलेल्या आकड्यापेक्षा कमी नकोत. पण जिन्यातला किंवा गच्चीवरचा केबलचा ॲम्प्लिफायर इमारतीच्या विजेवर चालत असेल, तर त्याच्याबरोबर सिग्नलही गेला, आणि घरातला यूपीएसवरचा बॉक्स कोरं रेकॉर्डिंग करत बसला. आधी सोसायटीत विचारा, मग यूपीएस घ्या.

पावसाळ्यात डिशसारखा ढगांचा त्रास केबलला सहसा नाही, पण इमारतीवरून इमारतीवर टाकलेल्या वायरीच्या जोडात पाणी शिरतं. चौकोन पडू लागले की भिंतीतल्या वायरीचा कनेक्टर उघडा. आतली तांब्याची तार हिरवट-काळी दिसली तर तेवढं टोक कापून नवा कनेक्टर बसवायला सांगा.

तुमच्या घरचं तुम्ही लिहिलंय तसं, आठला बातम्या थेट बघायच्या आणि साडेआठची, नऊची मालिका रेकॉर्ड करायची, एवढंच असेल, तर वरचा फ्रिक्वेन्सीचा कागद आधी करा. दोन्ही मालिका एकाच चॅनलवर असतील तर टायमर एकच लावा, ८.२८ ते ९.३५, म्हणजे मधला घोळच संपला. तसं असेल तर तुमचा यूएसबीवाला बॉक्स बदलू नका, ‘कामचलाऊ’ हा शब्द मी मागे घेतो. मालिका वेगवेगळ्या चॅनलवर आणि कागदावरचे आकडेही वेगळे असतील, तर दोन ट्यूनर घ्या.

बदलायचं ठरलंच तर जुना बॉक्स केबलवाल्याच्या हाती देण्याआधी साठवलेलं सगळं बघून घ्या. रेकॉर्डिंग त्या बॉक्सशी कुलूपबंद असतं; डिस्क तुमची असली तरी नव्या बॉक्सवर किंवा लॅपटॉपवर ते उघडणार नाही.