‘अल्पवयीन म्हणून सुटतात’ या मेसेजला उत्तर

बेळगाव जिल्ह्यात खानापूरपासून निपाणीपर्यंतच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो: अठराच्या आतल्या पोरांना कायदा काही करत नाही, रिमांड होममध्ये फुकट खाऊन येतात, जीवनकौशल्य वगैरे थोतांड आहे, एकदा बिघडलेला सुधारत नाही, म्हणून त्याचा फोटो सगळीकडे पाठवा.

कायदा काही करत नाही, हे साफ खोटं आहे. 2015 च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे ताब्यातल्या मुलाला 24 तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. मंडळ त्याला 3 वर्षांपर्यंत विशेष गृहात, म्हणजे दोषी ठरलेल्या मुलांसाठीच्या गृहात, ठेवू शकतं. मुलगा सोळाच्या वरचा आणि गुन्हा अतिगंभीर असेल, तर प्राथमिक मूल्यमापनानंतर, म्हणजे मंडळाने त्याची क्षमता आणि समज तपासल्यावर, त्याच्यावर प्रौढासारखा खटलाही चालू शकतो.

आता ‘थोतांड’. शिक्षण आणि कौशल्य प्रशिक्षणाच्या जोडीला जीवनकौशल्य शिक्षणही याच कायद्याच्या कलम 53 मध्ये आहे. ही मेहेरबानी नव्हे. पोराला वेल्डिंग शिकवलं आणि उद्यमबागेतल्या फौंड्रीत लावून दिलं, तरी तो तिथे टिकतो का ते बघा. सुपरवायझर चारचौघांत आईवरून शिवी देतो. पोरगं हात उगारतं, नाहीतर डबा उचलून घरी येतं. काम येत असूनही काम जातं. म्हणून जीवनकौशल्याच्या वर्गात तोच प्रसंग उभा करतात: एक पोरगा सुपरवायझर होतो, दुसरा शिवी ऐकतो, आणि पुढच्या दहा सेकंदांत काय करायचं हे सगळे मिळून ठरवतात. मग जुना दोस्त गाडी घेऊन चौकात येतो, “पाच मिन्टांचं काम हाय, चल की.” त्याला तोंड न फिरवता, न घाबरता नाही म्हणायचं. हे एका बैठकीत येत नाही, आठवडेच्या आठवडे घोटून घ्यावं लागतं.

‘सुधारत नाही’ म्हणणाऱ्यांचा राग मला कळतो. ज्याचं दुकान फुटलं, ज्याच्या मुलाला मार बसला, त्याचं दुःख खरं आहे. काही पोरं पुन्हा त्याच वाटेला जातात, हेही खरं. पण सोळाव्या वर्षी माणूस घडून पुरा झालेला नसतो, आणि तो परत येणार आहे तो वडगाव-शहापूरच्या आपल्याच गल्लीत. तिथे कुणी कामाला ठेवलं नाही, तर त्याला जवळ करणारी टोळी तयारच असते.

फोटो पाठवणं हा तर गुन्हाच आहे. कलम 74 खाली मुलाची ओळख उघड करणाऱ्याला 6 महिन्यांपर्यंत कैद, 2 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

मदतच करायची असेल तर काम शेजारीच आहे. कचेरीचा कागद कन्नडमध्ये येतो, घरात आई फक्त मराठी वाचणारी. त्यात तारीख कोणती, पोराला घेऊन कुठे जायचं, कुणाला भेटायचं, एवढं तिला वाचून सांगा. जमलं तर त्या दिवशी तिच्याबरोबर जा.